भाड्याच्या खोलीला फरशी कोणती?



ऊसबिलाचे चार पैसे शिल्लक पडले की तालुक्याच्या गावी दोन-तीन खोल्या बांधाव्यात, मुले शिकतील तोवर राहतील, पुढे भाडे चालू राहील, असा विचार आपल्यातले बरेच जण करतात. आम्ही दोघा भावांनीही केला. शेगावला १९८३ पासून इंजिनीअरिंग कॉलेज आहे, पोरांना खोल्या लागतातच. तीन खोल्या काढल्या, चकचकीत टाइल्स बसवल्या. दुसरा पावसाळा सरला आणि मधल्या खोलीची जमीन कढईसारखी खचली. भाडेकरू निघून गेले. चार महिने कुलूप!

आम्ही टाइल्सला शिव्या देत होतो. उकरायला आलेले म्हातारे मिस्त्री म्हणाले, "भाऊ, फरशीले काय बोलता? खाली काळी मातीच भरली तं ते हालनच."

खरेच होते. पायाची निघालेली माती वाहून टाकण्याचा खर्च वाचावा म्हणून आम्ही तीच आत लोटली होती. उन्हाळ्यात जिच्या भेगेत हात जातो आणि पावसात जी फुगते, ती माती आपण जन्मभर नांगरतो. घर बांधताना मात्र विसरलो.

आधी भरणी

जोत्यातली काळी माती काढून मुरूम भरावा. एकदम ओतू नये. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुमस. दहा बाय बाराच्या खोलीत दोन फूट भरणी म्हणजे २४० घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २.४ ब्रास. मुरूम दाबला की बसतो, म्हणून तीन ब्रास धरावा. त्यावर तीन-चार इंच काँक्रीट. आपल्या जिल्ह्याचा उत्तर भाग खारपाण पट्ट्यात येतो. तिकडे बांधकामाला खारे पाणी वापरले तर पुढे फरशीवर पांढरे फूल येते. कालवणाला आणि मारायला गोडे पाणीच घ्यावे.

मग फरशी

आपला काळा दगड कठीण खरा, पण त्याच्या पातळ लाद्या निघत नाहीत. म्हणून शहाबादी येते कर्नाटकातून आणि कोटा राजस्थानातून. दोन्ही चुनखडीचे दगड, थरांनी बसलेले, म्हणून त्यांच्या सपाट लाद्या निघतात. खडबडीत शहाबादी ओसरीला, अंगणाला, जिन्याला चांगली. ओल्या पायाने घसरत नाही. खोलीत कोटा घालावा. एक इंचाच्या आसपास जाडी असते. झिजला तर पुन्हा घासून पॉलिश होतो. मात्र चुनखडीला आम्लाचे वावडे आहे. लिंबू सांडले तरी डाग पडतो, अ‍ॅसिड ओतले तर फरशी खाल्ली जाते. भाडेकरूला हे पहिल्याच दिवशी सांगावे.

साध्या सिरॅमिक टाइलवर वरून चकाकीचा पातळ थर असतो. पोरांनी गॅसचे सिलिंडर ओढले, लोखंडी खाट सरकवली की तिचे टवके उडतात आणि आतला रंग दिसतो. व्हिट्रिफाइड घ्यायची तर 'डबल चार्ज' मागावी. तिचा रंग वरच्या तीन-चार मिलिमीटरपर्यंत जातो, त्यामुळे झीज लवकर दिसत नाही. न्हाणीघरात गुळगुळीत काहीही नको; खरबरीत टाइल आणि मोरीकडे नीट ढाळ.

बसवताना उभे राहा

टाइलच्या चार कोपऱ्यांना माल टाकून मधे पोकळ ठेवण्याची काहींना घाई असते. दुसऱ्या दिवशी रुपयाचे नाणे वाजवून पाहावे. ढप्प वाजली तर तेव्हाच काढायला लावावी. पैसे दिल्यावर कोणी येत नाही. दहा बाय बाराला दोन बाय दोनच्या तीस फरश्या लागतात. चौतीस आणाव्यात. उरलेल्या माळ्यावर ठेवाव्यात. पाच वर्षांनी एक फुटली तर तोच रंग बाजारात मिळेलच असे नाही.

आम्ही मधल्या खोलीत मुरूम भरून कोटा घातला. पावसाळे गेले, जमीन हलली नाही. बाकीच्या दोन खोल्यांचे कामही पुढच्या ऊसबिलावर धरले आहे. वाचवायला गेलो ते माती वाहण्याचे भाडे, आणि घालवले चार महिन्यांचे घरभाडे. मशागतीशिवाय लावण करू नये हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. फरशीचेही तेच आहे.