बिनबापाची लेक

दिवेआगरला मामा गेल्यापासून मामी एकट्याच पोफळीची वाडी सांभाळतात. गेल्या श्रावणात मी तेथे गेलो असताना मामींनी अंगणातली कुंडी सरकवली आणि खालून गांडुळासारखे काळे, वीतभर काहीतरी वळवळले.

"अगो बाई, वाळा! कानात शिरतो मेला!" मामींनी पायातली वहाण उगारली.

"थांबा मामी! तो मेला नव्हे, मेली आहे. आणि तिला बापच नाही!"

वहाण हवेतच राहिली.

वाचकहो, ही थट्टा नव्हे. वाळा हा बिनविषारी साप मुंग्या-वाळवीची अंडी खाऊन जगतो आणि यात साऱ्या माद्याच. त्या नराविना अंडी घालतात. म्हणून कुंडीच्या मातीतून एक मादी परदेशी पोचली तरी तिथे वस्ती उभी राहते.

सापांचे चुलते जे सरडे, त्यांतही ही रीत आहे. १९५८ साली दारेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने आर्मेनियातल्या खडकांतील असे सरडे जगापुढे आणले. अमेरिकेच्या वाळवंटातही चाबकासारख्या शेपटीच्या सरड्यांच्या काही जाती निव्वळ माद्यांच्या आहेत. दोन निराळ्या जातींच्या संकरातून अशी वंशावळ सुरू होते.

एरवी अंड्यात आईच्या गुणसूत्रांचा निम्मा वाटा येतो, निम्मा बाप देतो. मग येथे हिशेब जुळतो कसा? २०१० साली कॅन्सस सिटीच्या स्टोवर्स संस्थेतील संशोधकांनी त्या अमेरिकन सरड्यांची युक्ती उघड केली. अंडे घडण्यापूर्वी मादी साऱ्या गुणसूत्रांची एक जादा नक्कल करते. पुढे निम्मे झाले तरी पुरा वाटा शिल्लक! आपल्या वाळ्याजवळ तर गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असल्याचे १९८७ साली दिसून आले.

"म्हणजे पुरुषावाचून काही अडत नाही म्हणायचं!" मामी हसून म्हणाल्या.

मी मराठीचा मास्तर. मला पोथ्या आठवल्या. एकाच पोथीवरून नकला होत गेल्या, तर एका लेखकाची चूक पुढचा प्रत्येक जण इमानाने उतरवतो आणि आपली एक भर घालतो. ज्ञानेश्वरीचे तसेच झाले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती ताडून ती शुद्ध केली. आईबापांची गुणसूत्रे दर पिढीत नव्याने जुळतात, तेव्हा असेच काहीसे घडते. सदोष पाठ गळतो, चांगला टिकू शकतो. बिनबापाच्या वंशात ही सोय नाही. चुका साचत जातात. नवा रोग आला तर सगळ्या बहिणी सारख्याच दुबळ्या. म्हणूनच असे वंश सहसा फार काळ टिकत नाहीत, असे शास्त्रज्ञ मानतात.

मामी क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी वहाण पायात घातली, कुंडी हलकेच जागेवर ठेवली.

"एकटीनं सगळं निभावतं रे," त्या म्हणाल्या, "पण चूक दाखवायला दुसरं कुणी लागतंच."