मालकी सोडलेली कला
इंदूरच्या चिंचाळकरांची दोन पिढ्यांची वाट

स्वच्छ शहरांच्या सरकारी यादीत इंदूरचा पहिला नंबर लागू लागला तो २०१७ पासून. रोज ५५० टन ओला कचरा पचवून गॅस काढण्याच्या क्षमतेचा देवगुराडियाचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. पण या शहराचं कचऱ्याशी असलेलं नातं त्याहून बरंच जुनं आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इथल्या कृषी संशोधन संस्थेत काडीकचरा, शेण आणि माती थरावर थर रचून, ढीग वरखाली करून खत करण्याची रीत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघालं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. गांधीजींनी ‘हरिजन’मधून तिची शिफारस केली.

कचऱ्याकडे कच्चा माल म्हणून पाहणारी ही नजर इंदूरच्या चित्रकलेतही उमटली. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ मध्ये होळकरांच्या या राजधानीत कलाशाळा उभी केली. ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, डी. जे. जोशी आणि विष्णू चिंचाळकर हे त्यांचे विद्यार्थी. बेंद्रे बडोद्याला गेले, हुसेन मुंबईला. चिंचाळकर (१९१७–२०००) इंदुरातच राहिले आणि ‘गुरुजी’ झाले.

गुरुजींना तैलरंगांवर हुकमत होती, तरी ते हळूहळू कॅन्व्हासपासून दूर गेले. वाळलेली पानं, झाडाच्या मुळ्या, साली, फुटक्या-तुटक्या वस्तू हे त्यांचं साहित्य झालं. वस्तूला कापून-ठोकून आकार देण्यापेक्षा तिच्यात दडलेला आकार ओळखण्यावर त्यांचा भर असे. ती जरा फिरवून ठेवली की पक्षी दिसे, कुणाचा तरी चेहरा दिसे. नॅशनल बुक ट्रस्टने काढलेल्या ‘खुलते अक्षर खिलते अंक’मध्ये हाच खेळ त्यांनी लिपीशी मांडला. मुलाला धाक दाखवणारी मुळाक्षरं आणि आकडे तिथे चित्रं होऊन बसतात. चित्र विकत घेणारा एकटा असतो. पाहायची रीत मात्र शंभर मुलं एकदम घरी नेऊ शकतात. गुरुजींनी दुसरा रस्ता धरला.

या रस्त्यावर ते एकटे नव्हते. ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते, देवासला राहणारे कुमार गंधर्व अशी माळव्यातली मंडळी त्यांच्या मैत्रीतली. पत्रकारिता, संगीत आणि चित्रकला यांचं एकमेकांच्या घरी येणं-जाणं होतं. त्यातच गांधीविचाराचा धागा होता. चंबळच्या बागी लोकांच्या १९७२ मधल्या शरणागतीवरचं पुस्तक प्रभाष जोशी, श्रवणकुमार गर्ग आणि अनुपम मिश्र यांनी मिळून लिहिलं. त्यातले जोशी आणि गर्ग इंदूरचे, तर मिश्रांचा जन्म वर्ध्याचा.

पुढच्या पिढीत हाच धागा पुस्तकाच्या मांडणीत उतरला. दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानने १९९३ मध्ये मिश्रांचं ‘आज भी खरे हैं तालाब’ प्रकाशित केलं. त्याची सजावट आणि रेखाटनं गुरुजींचे चिरंजीव दिलीप चिंचाळकर यांची. तलावात पाणी आणणारं ‘आगौर’, ते साठवणारं ‘आगर’, अडवणारी ‘पाल’, जादा पाणी सोडणारी ‘अपरा’ हा सगळा कारभार अभियांत्रिकीच्या नकाशात मांडला असता, तर सामान्य वाचक बिचकला असता. पुस्तकात ‘सीता बावडी’च्या गोंदणाचं वर्णन आहे: एक चौकट, आत लाटा, मधोमध जीवनाचा ठिपका, बाहेर पायऱ्या आणि चार कोपऱ्यांत फुलं. समाजाने स्वतःच्या अंगावर जपलेला हा जलआराखडा आहे. दिलीप चिंचाळकरांची रेषा याच घराण्यातली.

लेखकाने या पुस्तकावर हक्क राखून ठेवला नाही. कुणीही छापावं, भाषांतर करावं. निरनिराळ्या संस्थांनी लाखाहून अधिक प्रती काढल्या, अनेक भाषांत आणि ब्रेलमध्येही ते गेलं. पुढे इंटरनेट आलं, तेव्हा त्याला परवानगीची वाट पाहावी लागली नाही. सबंध पुस्तक पडद्यावर फुकट उघडू लागलं. मुक्त डिजिटल प्रकाशनाचा आज बोलबाला आहे. इथे मोकळीक आधी होती, तंत्रज्ञान मागून आलं.

सामाईक जगण्याचा हा विचार आज इंदूरजवळच्या सनावदियात वेगळ्या रूपात दिसतो. आदिवासी व ग्रामीण मुलींसाठी १९८५ मध्ये सुरू झालेल्या बरली संस्थेच्या संस्थापक, पद्मश्री जनक पलटा मॅकगिलिगन, तिथे सौरचुली, सेंद्रिय शेती आणि कचरामुक्त घर यांचं प्रशिक्षण देतात. शिकायला आलेल्याने रीत घरी न्यावी, हाच तिथलाही हिशेब.

कलावंत चळवळीत उतरतो म्हणजे फलक रंगवतो, एवढीच आपली समजूत असते. चिंचाळकरांनी जे केलं त्याला घोषणा लागली नाही. वडिलांनी वस्तूवरचा ‘टाकाऊ’ हा शिक्का पुसला. मुलाने आपली रेषा कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या पुस्तकाला दिली. खताच्या रीतीचं, तलावाचं आणि पुस्तकाचं गणित एकच आहे: ते वापरणारे जितके जास्त, तितकं ते टिकतं. संगणकावर काम करणाऱ्या आजच्या तरुण मराठी डिझायनरला सुंदर फाँट आणि झटपट साधनं सहज मिळतात. आपण केलेलं काम कुणाकुणाला वापरता येईल, हा निर्णय मात्र अजूनही त्यालाच घ्यावा लागतो.