बाळाचं वजन अडलं, तर आईचीही विचारपूस करा

अंगणवाडीत दर महिन्याला बाळाचं वजन होतं. सेविकाताई माता-बाल संरक्षण कार्डावर ठिपका मांडतात, आणि ठिपके जोडत गेलं की वाढीची रेघ वर चढताना दिसते. ती आडवी झाली की घरात पहिला प्रश्न येतो, "दूध पुरत नाही का?" मग हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा सुरू होतात. बाळंतिणीला खाऊ घालणं चांगलंच. पण तिच्या मनाचं काय चाललंय, हे सहसा कुणी विचारत नाही.

ते का विचारावं, याचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांना नैराश्य होतं. नैराश्य म्हणजे आठवडेच्या आठवडे न उठणारी, रोजची कामं अडवणारी उदासी. 2003 साली त्यांनी पुढचं निरीक्षण प्रसिद्ध केलं: अशा आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनात आणि लांबीत मागे राहत होती.

आता क्रमाने बघू. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतंच. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतची घट दोन आठवड्यांत भरून निघते. आईलाही तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येतं, चिडचिड होते. गरोदरपणात वाढलेली संप्रेरकं, म्हणजे शरीराचा कारभार चालवणारे रासायनिक निरोप, एकदम उतरतात त्याचा हा परिणाम. याला औषध लागत नाही. झोप आणि मदतीचा हात लागतो.

दोन आठवडे उलटूनही हे थांबलं नाही, तर मात्र नीट लक्ष द्यावं. आपल्याकडे कुणी "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. बाई म्हणते, अंगात त्राण नाही, डोकं जड आहे, "माले काही गोड लागत नही". माझ्या मते सगळ्यात बोलकी खूण झोपेची. बाळ रडतं म्हणून झोपमोड होणं साहजिक आहे. बाळ गाढ झोपलेलं असताना आईचे डोळे टक्क उघडे असतील, तर ती बाब वेगळी.

हे बाळाच्या वजनापर्यंत पोचतं कसं? दूध तयार होणं आणि दूध उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. ते उतरवणारं संप्रेरक मात्र ताणाखाली अडखळतं. बाळ चिडतं, आई हताश होते, कुणीतरी वरचं दूध सुचवतं. बाटली आली की बाळ ओढायचं कमी करतं, म्हणून दूध खरोखरच घटतं. वरचं दूध पाणी घालून पातळ केलेलं असेल आणि बाटली नीट उकळलेली नसेल, तर जुलाब ठरलेले. शिवाय भुकेलं बाळ रडण्याआधी तोंड वळवतं, मुठी चोखतं. खचलेल्या आईच्या ते लक्षात येत नाही. यात तिचा हलगर्जीपणा नाही, तो आजाराचाच भाग आहे. चक्र उलटंही फिरतं: वजन वाढत नाही म्हणून टोमणे मिळतात आणि आई आणखी खचते. मुलगी झाली म्हणून तोंडं पाडणारं घर असेल तर विचारायलाच नको.

खानदेशात गाडी नेमकी अडते ती माहेर-सासरच्या मध्ये. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. समजा माहेर पारोळ्याचं, सासर शिरपूरचं. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यानंतरची ठरलेली भेट एकदम तिसऱ्या महिन्यात. सव्वा महिना झाला की पोरीला सासरी धाडायची घाई. कापूस वेचणीचे दिवस असतील तर अधिकच. म्हणजे नैराश्य मूळ धरण्याच्या काळातच गाव बदलतं, आशाताई बदलतात आणि कधी कधी कार्ड माहेरच्या कपाटात राहतं. निघताना कार्ड सोबत घ्या आणि पोचल्याच्या आठवड्यात सासरच्या अंगणवाडीत नाव सांगा.

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू होतं. आता मऊ भात-वरण, कुस्करलेलं केळं दिवसातून दोन-तीनदा, धीराने भरवावं लागतं. थकलेल्या मनाला हा धीर परवडत नाही. मग रडलं की बिस्किट, थोडं मोठं झालं की पाच रुपयांचं पुडकं. पोट भरतं, पोषण होत नाही. हीच सवय पुढे काही मुलांना जादा वजनाकडेही नेऊ शकते. परदेशांतल्या काही अभ्यासांत आईचं नैराश्य आणि मुलांचा लठ्ठपणा यांचा संबंध दिसला, काहींत दिसला नाही. त्यामुळे त्यावर फार जोर देत नाही.

विचारायचं कसं? एकांतात, सासू-नणंद समोर नसताना. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिलं का? पूर्वी आवडायचं त्यातला रस गेला का? एकाचंही उत्तर "हो" असेल, तर जीव नकोसा होतो का, हेही विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

पुढची वाट प्राथमिक आरोग्य केंद्रातून जाते. तिथे रक्तक्षय आणि थायरॉईडच्या तपासणीबद्दल जरूर विचारा, दोन्हींमुळे असाच थकवा येतो. बाळाचीही वेगळी तपासणी हवी, कारण वजन अडण्याची कारणं अनेक असतात. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही मोफत बोलता येतं.

एक प्रसंग मात्र थांबण्याचा नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाई असंबद्ध बोलू लागली, आवाज ऐकू येतात म्हणाली, रात्र रात्र जागी राहून भलतंच करू लागली, तर "बाहेरचं लागलं" म्हणत उतारा टाकण्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि बाळाला तिच्यासोबत एकटं ठेवू नका.

गोळ्या लागल्या तर "आता अंगावरचं दूध तोडा" असा सल्ला घरचेच देतात. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं आहेत, सर्ट्रालीन त्यातलंच एक. फक्त बाळ अंगावर पितंय हे डॉक्टरांना आधी सांगा. गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका, आणि गुण दिसेपर्यंत रात्रीचं एखादं पाजणं झालं की बाळाला ढेकर काढून झोपवायचं काम नवऱ्याने घ्यावं.