दहाजणांचा शेजार

१ जुलै २०२६ ला अमेरिकेच्या पश्चिम भागात पॅक-१२ ही कॉलेज खेळांची कॉन्फरन्स नव्याने सुरू होते आहे. पाटी जुनीच आहे. पाटीमागच्या जुन्या बाराजणांपैकी मात्र दोघंच उरलीत, पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट. जोडीला बॉइसी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, थेट टेक्सासातून टेक्सास स्टेट आणि फुटबॉल न खेळणारं गोन्झागा. बारा म्हणवणाऱ्या घरात नऊ माणसं! पण आता याचं कुणाला काही वाटत नाही. बिग टेनमध्ये अठरा विद्यापीठं आहेत, आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत. नकाशा कुणी पाहतच नाही.

मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एम.एस. करायला पुलमनला आलो आणि कायमचा वॉशिंग्टन स्टेटचा झालो, तेव्हा पुढचं सगळं एकतर्फी आहे हे धरून चालावं.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना पश्चिम विभाग असतो. तो वरून ठरतो, विद्यापीठ त्यात आपोआप पडतं. इथे तसं नाही. डिव्हिजन आणि कॉन्फरन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिव्हिजन म्हणजे पायरी. एनसीएए या राष्ट्रीय संघटनेने १९७३ मध्ये तीन पायऱ्या केल्या. सगळ्यात वरच्या पायरीवर मोठी स्टेडियमं आणि खेळासाठीच्या शिष्यवृत्त्या, तर तिसऱ्या पायरीवर खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. १९७८ मध्ये वरच्या पायरीचेही फुटबॉलपुरते दोन भाग झाले. कॉन्फरन्स मात्र विद्यापीठांनी आपापसात जमवलेली. कुणी कुणाशी खेळायचं, गल्ला कसा वाटायचा आणि नियम मोडणाऱ्याचं काय करायचं, हे सगळं तिथे ठरतं. त्यात शिरता येतं, तसं निघूनही जाता येतं.

जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. १९१५ मध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठांनी पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स काढली. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याच्या भानगडींत ती १९५९ मध्ये मोडली. मग पाचजणांनी नवं घर बांधलं, बाकीची एकेक करून परतली. १९७८ मध्ये ॲरिझोनाची दोन विद्यापीठं आली आणि पॅक-१० झाली. परतताना एकाला मात्र दारातच थांबवलं. पुलमनपासून बारा-तेरा किलोमीटरवरचं आयडाहो विद्यापीठ जुन्या घरात होतं, नव्यात त्याला जागा मिळाली नाही. नव्वदच्या शेवटी वरच्या पायरीवर बसायला त्यांचं स्वतःचं स्टेडियम अपुरं पडलं, म्हणून त्यांनी घरचे सामने आमच्या मैदानावर खेळून पाहिले. नंतर लुईझियाना-अलाबामाच्या संघांबरोबर एका कॉन्फरन्समध्ये देश पालथा घातला आणि २०१८ मध्ये ते स्वतःहून खालच्या पायरीवर उतरले. आम्ही त्यांना हसायचो.

पॅक-१० ची रचना मला आजही शहाणपणाची वाटते. दहा विद्यापीठांच्या पाच जोड्या होत्या: वॉशिंग्टनची दोन, ओरेगनची दोन, सॅन फ्रान्सिस्को परिसरात बर्कली-स्टॅनफर्ड, लॉस एंजेलिसची दोन, ॲरिझोनाची दोन. बास्केटबॉलचा पाहुणा संघ गुरुवारी सिॲटलला खेळायचा, शनिवारी पुलमनला, आणि रविवारी घरी. एका फेरीत दोन सामने. विमानाचा खर्च वाचे, पोरांचे तासही कमी बुडत. प्रत्येकाचा प्रत्येकाशी घरी एकदा आणि बाहेर एकदा सामना व्हायचा. त्यामुळे विजेता कोण यावर वाद नसायचा. हे कुणा सल्लागाराने सुचवलेलं नव्हतं. नकाशाकडे पाहून सुचण्यासारखंच होतं.

आणि ती कॉन्फरन्स आपल्या सभासदाचा कान धरू शकत होती. सिॲटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ, म्हणजे हस्की, तेव्हा फुटबॉलमध्ये सगळ्यात बलाढ्य. १९९१ चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी मायामीबरोबर वाटून घेतलं होतं. नोव्हेंबर १९९२ मध्ये पुलमनच्या हिमवादळात आमच्या क्वार्टरबॅक ड्र्यू ब्लेडसोने त्यांना ४२-२३ असं लोळवलं, तो आनंद वेगळाच. पण पुढच्या ऑगस्टमध्ये खुद्द पॅक-१० ने नियम मोडल्याबद्दल त्यांना दोन वर्षं मोसमाअखेरच्या बोल सामन्यांपासून दूर ठेवलं आणि टीव्हीच्या उत्पन्नातला वाटा कापला. प्रशिक्षक डॉन जेम्स यांनी निषेध म्हणून मोसमाच्या तोंडावर राजीनामा दिला. सिॲटलच्या गणपतीत भेटणारे माझे हस्की मित्र अजून सांगतात की बाकी नऊजणांनी असूयेने डाव साधला. असेलही. पण सगळ्यात श्रीमंत घराला शेजाऱ्यांनी दंड केला आणि त्याने तो भरला, हे खरं ना? आज असा ठराव सकाळी झाला तर संध्याकाळपर्यंत विद्यापीठ दुसऱ्या कॉन्फरन्सशी बोलणी करत असेल.

मोसमभरच्या सगळ्या धडपडीचं टोक म्हणजे रोझ बोल. १९४७ पासून पश्चिम किनाऱ्याचा विजेता आणि मिडवेस्टच्या बिग टेनचा विजेता नव्या वर्षाच्या दुपारी पसाडेनाला भिडत. १९९७ च्या मोसमात आमच्या क्वार्टरबॅक रायन लीफच्या संघाने सिॲटलमध्ये जाऊन हस्कींना ४१-३५ हरवलं आणि वॉशिंग्टन स्टेट सदुसष्ट वर्षांनी पसाडेनाला पोचलं. मिशिगनने २१-१६ असं हरवलं. दोन सेकंद उरले असताना लीफने घड्याळ थांबवायला चेंडू जमिनीवर आपटला आणि पंचांनी वेळ संपल्याचं सांगितलं. पुलमनमध्ये त्या दोन सेकंदांचा हिशेब अजून मिटलेला नाही.

त्या दिवसांबद्दल उसासे टाकताना एक गोष्ट झाकता येत नाही. हे सगळं ज्यांच्या गुडघ्यांवर उभं होतं, त्या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे छदाम मिळत नव्हता. स्टेडियम भरायचं, प्रशिक्षक श्रीमंत व्हायचे, आणि खेळाडूने कुणाकडून पैसे घेतले की चौकशी. २०२१ पासून त्यांना जाहिरातींतून कमावता येतं, २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठंही थेट पैसे देतात. ते योग्यच झालं. मात्र शेजार मोडला तो मुलांना पैसे द्यायला नव्हे.

तो मोडायची सुरुवात १९८४ ची. तोवर कुठला सामना टीव्हीवर दाखवायचा हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती मक्तेदारी मोडली. आता जो जास्त घरांत दिसेल, तो जास्त कमावणार. १९९२ मध्ये दक्षिणेच्या एसईसी या कॉन्फरन्सने बारा सभासद करून दोन गट पाडले आणि गटविजेत्यांचा अंतिम सामना टीव्हीला विकला. १९९६ मध्ये टेक्सासची साउथवेस्ट कॉन्फरन्स संपली. १९९८ पासून रोझ बोलही राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या व्यवस्थेत ओढला गेला. २००३ मध्ये आम्ही पुन्हा पसाडेनाला गेलो तेव्हा समोर बिग टेनचं कुणीच नव्हतं, ओक्लाहोमा होतं.

पुढची वर्षं मला कंटाळवाणी वाटतात, कारण त्यांत खेळापेक्षा करारच जास्त. २००९ मध्ये महिला टेनिसच्या संघटनेतून लॅरी स्कॉट पॅक-१० चे आयुक्त म्हणून आले. बारा सभासद झाले, ईएसपीएन आणि फॉक्सशी बारा वर्षांचा सुमारे तीन अब्ज डॉलरचा करार झाला, मुख्यालय वॉलनट क्रीकहून सॅन फ्रान्सिस्कोच्या महागड्या जागेत गेलं. २०१२ मध्ये स्वतःची वाहिनीही निघाली, पण ती डायरेक्टटीव्हीवर कधीच आली नाही. आपल्याच संघाचा सामना बघायला बारमध्ये जावं आणि तिथेही तो नसावा, हे आम्ही वर्षानुवर्षं सोसलं.

३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या दोघांनी बिग टेनची वाट धरली. यूसीएलएच्या टेनिसपटूने किंवा व्हॉलीबॉलच्या मुलीने आता सामन्यासाठी न्यू जर्सीतल्या रटगर्सला जायचं, सुमारे चार हजार किलोमीटर. यूसीएलएचाच जुना खेळाडू आणि समालोचक बिल वॉल्टन याने याला उघड विरोध केला. मे २०२४ मध्ये तो गेला, जुनी कॉन्फरन्स त्यानंतर जेमतेम दोन महिने टिकली. त्याआधी ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पाचजण निघाले होते. त्यात हस्कीही होते, तेही बिग टेनच्या सुरुवातीच्या अर्ध्या वाट्यावर. ज्यांना आम्ही शंभर वर्षं शेजारी म्हटलं, ते अर्ध्या पानावर जेवायला गेले.

बाकीचेही गेल्यावर उरलेल्या दोघांनी गव्हाच्या शेतांमधल्या कोलफॅक्स गावच्या कोर्टात दावा लावला आणि कॉन्फरन्सचा ताबा मिळवला. म्हणून पाटी वाचली. वॉशिंग्टनच्या दोन विद्यापीठांचा ॲपल कप हा सामना मात्र नोव्हेंबरातून सप्टेंबरात ढकलला गेला. करार २०२८ पर्यंतचा. फाटाफुटीनंतरचा पहिला सामना १४ सप्टेंबर २०२४ ला सिॲटलमध्ये झाला. शेवटच्या क्षणी हस्की आमच्या गोलरेषेशी अडले आणि आम्ही २४-१९ असे जिंकलो. त्यानंतरच्या वर्षी पुलमनमध्ये काय झालं, ते ज्याला हवं त्याने सिॲटलच्या गणपतीत विचारावं.