रोमन ब्राँझ नाणी व लष्करी प्रतिमा

रोमन साम्राज्यात दैनंदिन व्यवहारासाठी वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या व त्याच्या मिश्रधातूंच्या नाण्यांना सामान्यपणे ब्राँझ नाणी म्हणतात. ही संज्ञा काहीशी सैल आहे, कारण ऑगस्टसच्या (कार. इ. स. पू. २७–इ. स. १४) पुनर्रचनेनंतर सेस्टर्शस व दुपोंडियस ही नाणी पितळेची, तर अ‍ॅस हे तांब्याचे होते. सेस्टर्शसचे वजन सुमारे २५ ग्रॅ. असे. त्याच्या रुंद मागील बाजूवर अनेक व्यक्तींचे दृश्य कोरणे शक्य झाले.

कलिग्युलाच्या (कार. ३७–४१) एका सेस्टर्शसवर सम्राट चौथऱ्यावर उभा राहून आपल्या प्रिटोरियन रक्षकदलास उद्देशून भाषण करताना दाखविला आहे. या धातूच्या नाण्यांवर सहसा आढळणारी, सिनेटच्या ठरावाची निदर्शक अशी ‘एस. सी.’ ही अक्षरे त्यावर नाहीत. त्यामुळे ते रक्षकांना वाटण्यासाठीच पाडले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. याच दलातील अधिकाऱ्यांनी पुढे ४१ मध्ये त्याचा वध केला. जेरूसलेमच्या पाडावानंतर (७०) व्हेस्पेझ्यनने काढलेल्या नाण्यांवर खजुराच्या झाडाखाली शोकमग्न बसलेली स्त्री म्हणजे जिंकलेला जूडीआ होय. येथे शत्रूचे दुःख हाच विजयाचा पुरावा ठरला आहे.

तिसऱ्या शतकातील चलनघसरणीत सेस्टर्शस लोप पावले. डायोक्लीशनने सुमारे २९४ मध्ये अल्प चांदी मिसळलेले, सुमारे १० ग्रॅ. वजनाचे नवे नाणे सुरू केले. तेही झपाट्याने हलके होत गेले. कॉन्स्टंटीनच्या ३३० पासूनच्या ‘ग्लोरिआ एक्सर्किटुस’ (सैन्याचा गौरव) या नाण्यांवर दोन सैनिक व त्यांच्यामध्ये दोन ध्वजदंड आढळतात. नाण्याचे वजन सुमारे अडीच ग्रॅमांवरून दीड ग्रॅमापर्यंत उतरले, तेव्हा (सु. ३३५) त्यांतील एक ध्वजदंड वगळण्यात आला. गौरवाचा लेख मात्र तसाच राहिला. ३४८ नंतरच्या ‘फेल. टेम्प. रेपाराटिओ’ (सुखी काळाचे पुनरागमन) मालिकेत घोड्यासह कोसळलेल्या शत्रूला भाल्याने भोसकणारा सैनिक दिसतो. हे नाणेही दहाएक वर्षांत निम्म्याहून हलके झाले.

व्हेलेन्सच्या (कार. ३६४–३७८) लहान नाण्यांवर सम्राट बंदिवानाला केसांना धरून फरफटत नेतो. प्रत्यक्षात ३७८ मध्ये एड्रिअ‍ॅनोपलच्या लढाईत गॉथांनी रोमन सैन्याचा धुव्वा उडविला. तीत व्हेलेन्स मारला गेला व त्याचा मृतदेहही सापडला नाही.

चौथ्या-पाचव्या शतकांतील अशी झिजलेली लहान नाणी तमिळनाडूत व श्रीलंकेत मोठ्या संख्येने मिळाली असून, श्रीलंकेत त्यांची स्थानिक अनुकरणेही झाली. तेथे ती बहुधा किरकोळ व्यवहारात सुटे चलन म्हणून वापरली गेली.