डिझेल मोटारीचे टर्बो एंजिन : टिकाऊपणा व नेहमीचे बिघाड

विहिरीवरील ऑईल एंजिन ज्यांनी वर्षानुवर्षे चालविले, त्यांना डिझेल एंजिनाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. हॅण्डल मारून सुरू होणारे, मिनिटास साडेसहाशे फेरे घेणारे ते एका सिलिंडरचे जुने एंजिन तेल काळे झाले तरी चाले, डिझेलमध्ये थोडा गाळ असला तरी खोकत का होईना पाणी उपसे, आणि बिघडलेच तर गावातील फिटर झाडाखाली बसून ते उघडून पुन्हा जोडून देई. हीच सवय मनात ठेवून पुष्कळ शेतकरी शहरातून जुनी डिझेल मोटार विकत आणतात, व येथेच त्यांची फसगत होते. मोटारीचे टर्बो एंजिनही डिझेलवरच चालते हे खरे. परंतु या दोहोंचे नाते नांगराचा बैल व शर्यतीचा घोडा यांच्यातील नात्याइतकेच आहे.

खेड्यात आलेल्या अशा लहान डिझेल मोटारींत फार मोठ्या संख्येने एकच एंजिन निरनिराळ्या नावांनी बसविलेले आहे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ व अर्टिगा, टाटांच्या इंडिका व्हिस्टा व मांझा, फियाटच्या पुंटो व लिनिया, या सर्वांचे १.३ लिटरचे डिझेल एंजिन मूळचे इटलीतील फियाट कंपनीचे. मारुतीने त्यास ‘डीडीआयएस’, टाटांनी ‘क्वाड्राजेट’ व फियाटने ‘मल्टिजेट’ असे नाव दिले. २००३ साली पोलंडमधील बिएल्स्को-बिआवा येथील कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले, व २००५ साली त्याच्या आकाराच्या वर्गात त्यास आंतरराष्ट्रीय ‘एंजिन ऑफ द इयर’ हा मान मिळाला. आपल्या देशात जानेवारी २००७ मध्ये ते स्विफ्ट गाडीत आले. मारुतीकरिता परवान्याने ते हरियाणातील मानेसर येथे बनू लागले. टाटा व फियाट यांच्या गाड्यांसाठी ते पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे बनत असे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे अधिक कडक नियम लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. अर्थात या एंजिनाची मारुती आता बाजारात मिळेल ती २०२० पूर्वीची, जुनीच. म्हणून तिच्या निगेची माहिती असणे अधिकच अगत्याचे आहे.

एंजिन वाईट आहे काय? मुळीच नाही. योग्य वेळी तेल बदलीत गेल्यास ते दोन-अडीच लाख किलोमीटर विनातक्रार चालते, याचा अनुभव टॅक्सीवाल्यांनी भरपूर घेतला आहे. परंतु त्याची काही मर्मस्थाने आहेत, व ती न जाणणाऱ्याच्या हाती ते लाख किलोमीटरच्या आतही निकामी झालेले आढळते.

प्रथम त्याची रचना थोडक्यात पाहू. चार सिलिंडर मिळून त्याचे आकारमान अवघे १,२४८ घनसेंटीमीटर आहे. एवढ्याशा एंजिनातून ७५ अश्वशक्ती, व काही गाड्यांत ९० अश्वशक्ती मिळते, ती टर्बोचार्जरमुळे. एंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक लहान चक्र फिरवितो. त्याच दांड्यावर बसविलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल जळते व जास्त शक्ती मिळते. हे चक्र भरवेगात मिनिटास दीड ते दोन लाख फेरे घेते. त्याच्या दांड्यास साधी बेअरिंगची गोळीही आधाराला नसते. तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. दुसरी गोष्ट डिझेलची. एक पंप सामाईक नळीमध्ये दर चौरस सेंटीमीटरला १,४०० किलोग्रॅमपेक्षाही अधिक दाबाने डिझेल भरून ठेवतो व नॉझल विजेच्या इशाऱ्याने उघडतात. एकाच खेपेचे डिझेल अनेक लहान फवाऱ्यांत विभागून सोडले जाते. त्यामुळे खडखडाट कमी होतो व इंधनाची बचत होते.

बहुतेक दुखण्यांचे मूळ : तेल

या एंजिनाच्या ऑईल चेंबरमध्ये वंगणाचे तेल मावते ते सुमारे ३ लिटर. एवढ्याच तेलाने चार सिलिंडर, टर्बोचा दांडा व टायमिंग चेन यांची सेवा करावयाची. त्यातून एक लिटर तेल कमी झाले तर एक-तृतीयांश वंगण गेले. शिवाय डिझेलच्या काजळीने तेल हळूहळू दाट होत जाते व अखेर खिरीसारखा साका बनून तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर बसतो. युरोपात काही गाड्यांना ३०,००० किलोमीटरपर्यंत एकच तेल चालविण्याची मुभा दिली होती. तेथील थंड हवा, स्वच्छ रस्ते व लांब पल्ल्याचे प्रवास यांचा विचार करता ते कदाचित खपून गेले असेल. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर व बाजारगाव ते शेत अशा तुटक फेऱ्यांत ते एंजिनाच्या मुळावर येईल. गाडीच्या पुस्तिकेत काहीही मुदत दिलेली असो, दर ७,५०० ते १०,००० किलोमीटरनंतर, अथवा गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा, तेल व तेलाचा फिल्टर ही दोन्ही बदलावीत असे आमचे स्पष्ट मत आहे. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच असावे. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातील तेल उरले म्हणून मोटारीत ओतणे ही काटकसर नव्हे.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका कांदा उत्पादकाचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. त्यांनी एक लाख दहा हजार किलोमीटर चाललेली जुनी डिझेल मोटार स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. सकाळी गाडी सुरू करताच दोन-चार क्षण एंजिनातून साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येई व मग बंद होई. गाडी जुनी, आवाज करणारच, असे समजून त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले. एके दिवशी पहाटे बाजार समितीकडे निघाले असता चढावर एंजिन एकाएकी बंद पडले ते पुन्हा सुरू झालेच नाही. गॅरेजमध्ये उघडून पाहता ऑईल चेंबरमध्ये जेमतेम लिटरभर डांबरासारखे तेल निघाले. टायमिंग चेन दातांवरून घसरली होती, रॉकर तुटले होते व काही झडपा दट्ट्यांवर आपटून वाकल्या होत्या. त्या हंगामातील दोन ट्रॉली कांद्याचे पैसे त्या एका दुरुस्तीत गेले. दोष आधीच्या मालकाचा; परंतु तेलाची पट्टी आठवड्यातून एकदा जरी ओढून पाहिली असती तर हा प्रसंग टळता.

याचे कारण समजून घेणे जरूर आहे. झडपांची उघडझाप व दट्ट्यांची चाल यांचा मेळ ही चेन राखते. पुष्कळ डिझेल गाड्यांत या कामी रबरी पट्टा असतो व तो ठराविक मुदतीने बदलावा लागतो. या एंजिनात लोखंडी चेन असल्याने ती जन्मभर पुरते असा समज पसरला. चेन पुरते, पण तिला ताण देणारा टेन्शनर हा तेलाच्या दाबावर चालतो. तेल कमी किंवा दाट झाले की ताण सैल पडतो, चेन लांबते व अखेर दात चुकविते. म्हणून थंड एंजिन सुरू करताना येणारा खुळखुळाट हा वेळेवर मिळालेला इशारा समजावा व गाडी तशीच न पळविता तज्ज्ञ मिस्त्रीकडून चेन तपासून घ्यावी. संच वेळेवर बदलण्याचा खर्च नवे हेड बसविण्याच्या खर्चाच्या मानाने अल्प आहे. तसेच एंजिन बंद असताना टेन्शनरला तेलाचा दाब नसतो. अशा वेळी एंजिन उलटे फिरल्यास चेन सैल पडण्याचा धोका असतो. यास्तव उतारावर गाडी केवळ गिअरच्या भरवशावर उभी करू नये. हातब्रेक पूर्ण ओढावा व चाकास दगड लावावा. पहिल्या गिअरात असलेली गाडी मागे ढकलू नये. बॅटरी उतरल्यास चार माणसांनी धक्का मारून गाडी सुरू करण्यापेक्षा दुसऱ्या बॅटरीची जोड देणे इष्ट होय.

टर्बो गेला म्हणजे काय?

पिकअप कमी झाला की टर्बो बदला, असे सांगणारे मिस्त्री थोडे नाहीत. टर्बो हा महाग भाग असल्याने हा सल्ला ऐकण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. टर्बोपासून एंजिनापर्यंत दाबाची हवा नेणारे रबरी होज पाइप असतात. ते चिरतात किंवा त्यांचे क्लॅम्प सैल होतात. अशा वेळी गाडीची ओढ जाते, चढावर काळा धूर निघतो व दाब पडताच फुस्स असा आवाज येतो. पाइप टर्बोच्या मानाने स्वस्त आहे. पाइपात तेलाचा थोडा ओलावा दिसला म्हणून घाबरू नये. एंजिनाच्या वाफेबरोबर तेवढे तेल येतेच. परंतु निळसर धूर सतत निघत असेल, तेल भराभर कमी होत असेल, व शिट्टीचा आवाज वाढून भोंग्यासारखा झाला असेल, तर टर्बोचा दांडा झिजला असे मानण्यास आधार आहे.

टर्बो जपण्याचे उपाय बिनखर्ची आहेत. गाडी सुरू केल्याबरोबर अॅक्सिलरेटर दाबू नये. तेल दांड्यापर्यंत पोचू द्यावे. घाट चढून किंवा महामार्गावर वेगाने येऊन थांबल्यास एंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू ठेवावे. नाहीतर लाल तापलेल्या टर्बोतील तेल जागच्या जागी करपते व त्याचा कोळसा दांड्यावर बसतो.

क्वचित असे घडते की टर्बोतून गळणारे तेलच सिलिंडरमध्ये जळू लागते, दाट पांढरा-निळा धूर निघतो व चावी काढली तरी एंजिन आपोआप भरवेगाने धावत सुटते. अशा वेळी गडबडून जाऊ नये. ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा म्हणजे एंजिन गुदमरून बंद पडेल. तेलाची पातळी खुणेच्या वर भरणे हेही या धोक्यास आमंत्रण आहे, हे ‘थोडे जास्त बरे’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

डिझेल, नॉझल व काजळी

पंप व नॉझल यांचे भाग डिझेलनेच वंगण पावतात. डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्यास ते वंगण जाते. पाणी मिसळल्यास भाग गंजतात. घरी पिंपात साठविलेले, पंपसेटसाठी वापरलेल्या उघड्या डब्यातून ओतलेले डिझेल या गाडीस देऊ नये. ऑईल एंजिन जे पचविते ते हिला पचत नाही. डिझेल फिल्टरच्या तळाशी जमणारे पाणी वेळोवेळी काढून टाकावे, विशेषतः पावसाळ्यात.

नॉझलच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो. तो खराब झाला तर सिलिंडरमधील धूर वर निसटतो, ‘चफ् चफ्’ असा आवाज येतो व नॉझलभोवती काळे डांबर साचते. वेळीच वॉशर बदलल्यास काम थोडक्यात भागते. डांबर कडक झाल्यावर नॉझल उपसून काढणे फार जिकिरीचे होते.

धुराचा काही अंश परत एंजिनात सोडणारा ईजीआर व्हाल्व्ह काजळीने तुंबतो व गाडी अडखळत चालते. रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील तर हे लवकर घडते. तो साफ करता येतो. अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर तासभर चालविल्यासही काजळी कमी साचते. रेडिएटरमध्ये मात्र विहिरीचे क्षारयुक्त पाणी न घालता कूलंटच घालावे, व काटा लाल खुणेकडे जाताच गाडी थांबवावी.

ओढ्याच्या पाण्यातून

पावसाळ्यात फरशीपुलावर पाणी असता गाडी घालण्याचा मोह अनेकांना होतो. वाहत्या पाण्यात माणसाच्या जिवालाच धोका आहे, तो वेगळाच. परंतु साचलेल्या पाण्यातही हवेच्या नळीवाटे एंजिनात पाणी शिरले तर ते हवेसारखे दबत नाही व कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडल्यास पुन्हा स्टार्टर मारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ती ओढून बाहेर काढावी व नॉझल अथवा ग्लो प्लग काढून आतील पाणी बाहेर टाकल्याशिवाय एंजिन फिरवू नये.

जुनी गाडी घेताना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचा सल्ला या बाबतीत वारंवार विचारला जातो, म्हणून हे अखेरीस सांगतो. गाडी पाहावयास सकाळी जावे, व एंजिन थंड असले पाहिजे असे आधी कळवावे. मालकाने ते आधीच तापवून ठेवले असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. बॉनेटला हात लावून पाहण्यात लाज कसली? तेलाची पट्टी स्वतः ओढून पाहावी. डिझेल गाडीचे तेल काळे असतेच, ते दोष नव्हे. पातळी कमी असणे व बोटांना चिकट साका लागणे हा दोष होय. सुरू होताना चेनचा आवाज ऐकावा. एंजिन चालू असता तेलाचे झाकण काढून पाहावे. आतून जोराने धूर येत असेल तर सिलिंडर झिजले आहेत. नंतर एखाद्या चढावर, गाडीत चार माणसे बसवून, तिसऱ्या गिअरमध्ये चालवून पाहावे. दोन हजार फेऱ्यांच्या आसपास तिने जोमाने ओढ घेतली पाहिजे. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, तो मागे फिरविता येतो. तेल बदलल्याच्या पावत्या मागाव्यात. पावत्या नसतील तर चेनच्या नव्या संचाची किंमत मजुरीसह आधी गॅरेजमध्ये विचारून घ्यावी व तेवढी रक्कम सौद्यातून वजा करून मगच बोलणी पुढे न्यावीत.