जहाज थांबत नसतं!

क्रूझवर गेलात की प्रत्येक बंदरात एकच प्रश्न पडतो. जहाजाच्या टूरनं फिरायचं की आपलं आपण? वाद पैशांचा वाटतो खरा, पण उत्तर दडलंय घड्याळात...

संध्याकाळचे पाच वाजून आठ मिनिटं. नेपल्सचं गारिबाल्दी स्टेशन. बाबा पुढे, मी मध्ये आणि पर्स छातीशी धरून आई मागे, असे आम्ही तिघं अक्षरशः पळत होतो. जहाजावर परत चढायची शेवटची वेळ साडेपाच. आईच्या बीपीच्या गोळ्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये, तिघांचे पासपोर्ट जहाजाच्या रिसेप्शनकडे जमा आणि परवा बार्सिलोनाहून मुंबईचं विमान. धापा टाकत आई एकच प्रश्न विचारत होती, ‘‘अगं, पण आपल्यासाठी थांबतील ना ते?’’

मी उत्तर दिलं नाही. कारण उत्तर मला माहीत होतं.

हल्ली आपल्याकडे क्रूझ ही काही फक्त श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. कुणी हनीमूनला जातं, कुणी बोनस मिळाला म्हणून, तर कुणी माझ्यासारखं आईबाबांच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस म्हणून. तिकीट काढेपर्यंत सगळं सोपं असतं. मग एक दिवस ईमेलमध्ये ती लांबलचक यादी येते. शोर एक्सकर्शन्स! ‘रोम इन अ डे’, ‘पॉम्पेई विथ लंच’ वगैरे. समोर प्रत्येक माणशी युरोतला आकडा. त्याला तिघांनी गुणायचं, मग रुपयांत करायचं आणि मग पाणी प्यायचं. त्यानंतर घरात दोन पक्ष पडतात. आमच्याकडे आई ‘बस पक्ष’ आणि बाबा ‘स्वतंत्र पक्ष’. मी नेहमीप्रमाणे आघाडी सरकार.

नेमकं विकत काय घेतो आपण?

आधी एक गैरसमज दूर करूया. जहाजाची टूर म्हणजे जहाजाची माणसं, जहाजाची बस असं नसतं. बस आणि गाइड स्थानिक कंपनीचे असतात, जहाज फक्त मधला दुवा. म्हणजे प्रेक्षणीय स्थळं तीच, रस्ता तोच. मग जास्तीचे पैसे कशाचे?

परतीच्या हमीचे! जहाजानं विकलेल्या टूरची बस ट्रॅफिकमध्ये अडकली, तर जहाज सहसा तिची वाट बघतं. अगदीच थांबणं शक्य नसेल, तर बहुतेक कंपन्या त्या प्रवाशांना स्वतःच्या खर्चानं पुढच्या बंदरात नेऊन सोडतात. तुम्ही आपापले गेला असाल तर ही जबाबदारी सर्वस्वी तुमची.

यात दुष्टपणा काही नाही. धक्क्यावरची जागा ठरावीक वेळेसाठीच मिळालेली असते, पायलट ठरलेल्या वेळी येतो, पुढच्या बंदरातली वेळही बांधलेली असते. तीन-चार हजार प्रवाशांचं वेळापत्रक तीन जणांसाठी कोण बिघडवणार? आपली डेक्कन क्वीन थांबते का?

मार्च २०२४ मधलं प्रकरण आठवत असेल. आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर आठ प्रवासी स्वतंत्रपणे ठरवलेल्या टूरवर गेले, परतायला उशीर झाला आणि जहाज त्यांना न घेताच निघालं. पुढच्या बंदरात, गांबियात गाठावं म्हटलं, तर भरती-ओहोटीच्या गणितामुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी अनेक देश पालथे घालत सेनेगलच्या डाकार बंदरात त्यांना आपलं जहाज सापडलं.

रोम : छत्रीच्या मागे मागे

आमचं जहाज बार्सिलोनाहून निघून पाल्मा, मार्सेय, ला स्पेझिया, चिवितावेक्किया, नेपल्स असं फिरून परत बार्सिलोनाला येणार होतं. यातलं चिवितावेक्किया म्हणजे ‘रोम’. म्हणजे ब्रोशरमध्ये रोम! प्रत्यक्षात रोम तिथून सुमारे ऐंशी किलोमीटरवर. मुंबईचं तिकीट काढून खोपोलीला उतरवावं, तसं. आईचे गुडघे आणि हे अंतर बघून आम्ही जहाजाची बस घेतली.

हमी मिळाली, पण दिवस? चाळीसेक माणसं, कानात इअरफोन, पुढे गाइडची लाल छत्री. कलोसियम बाहेरूनच बघितलं, त्रेवी कारंज्यापाशी वीस मिनिटं, त्यातली बारा टॉयलेटच्या रांगेत. जेवणानंतर एका सोव्हेनिअर शॉपमध्ये मात्र भरपूर वेळ! रात्री डिनरला बाबांनी निकाल दिला, ‘‘एवढे पैसे देऊन मी रोममध्ये एक छत्री बघितली. उद्या पॉम्पेईला आपण आपले जायचं.’’

आई म्हणाली, ‘‘अहो, पण मला आज एकदाही टेन्शन आलं नाही. ते कुठे मोजणार तुम्ही?’’

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर गंमत आहे.

बंदर बघून ठरवा

‘नेहमी जहाजाची टूर घ्या’ आणि ‘कधीच घेऊ नका’, असे दोन्ही सल्ले देणारी मंडळी भेटतात. दोन्ही चूक. निर्णय ट्रिपचा नाही, बंदराबंदराचा असतो. ब्रोशरवरचं शहराचं नाव विसरा आणि जहाज नेमकं कुठे लागणार ते नकाशात शोधा.

काही बंदरं अगदी दारात असतात. नेपल्सला तर जहाजातून उतरलं की समोरच कास्तेल नुओव्हो हा किल्ला आणि मागे शहर. पिझ्झा खायचा, गल्ल्यांत भटकायचं, तर टूर कशाला हवी? ला स्पेझियाहून रिओमाजोरे हे चिंक्वे तेर्रे गावांमधलं पहिलं गाव ट्रेननं जेमतेम दहा मिनिटांवर. तिथे आम्ही आमचे गेलो, गर्दीत का होईना पण समुद्राकडे बघत तासभर नुसते बसलो. संपूर्ण ट्रिपमधला आईचा सगळ्यात आवडता दिवस तोच. बस पक्षाच्या अध्यक्षांचा!

काही बंदरं लांब असतात. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो, तिथून साधारण नव्वद किलोमीटर. पॅरिससाठी ल आव्र, जवळजवळ दोनशे किलोमीटर. व्हेनिसचं तर २०२१ पासून गणितच बदललंय. मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे ती मार्गेरा या औद्योगिक बंदरात, नाहीतर थेट त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाला लागतात. अशा ठिकाणी परतीचा एकच धागा असेल, म्हणजे एकच हायवे किंवा तासातून एखादी गाडी, तर हमी विकत घेण्यात कमीपणा नाही.

तिसरा प्रकार टेंडर पोर्टचा. इथे जहाज समुद्रातच नांगर टाकतं आणि छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. पहिल्या होड्यांत नंबर लागतो टूरवाल्यांचा. पुण्याची एक मैत्रीण हनीमूनला ग्रीसच्या सँटोरिनीला गेली होती. जुन्या बंदरातून वर फिरा गावात जायला केबल कार, खेचरं किंवा पाचशेहून जास्त पायऱ्या. ‘‘जाताना मजा आली गं,’’ ती सांगते, ‘‘पण उतरताना तीन जहाजांची गर्दी एकाच केबल कारच्या रांगेत! शेवटी आम्ही पायऱ्यांनी उतरलो. हनीमूनचा सूर्यास्त मी खाली मान घालून, पाय घसरू नये म्हणून पायऱ्या बघत घालवला.’’

पैशाचं गणितही सोपं आहे. जहाजाची टूर माणशी असते, टॅक्सी गाडीमागे. एकटे असाल तर टूर तितकी महाग पडत नाही. चौघं असाल तर टॅक्सी किंवा स्थानिक गाइड परवडतो, शिवाय टॉयलेट हवं तेव्हा! मधला मार्गही आहे. मोठ्या बंदरांत क्रूझ प्रवाशांसाठीच छोट्या ग्रुपच्या टूर काढणाऱ्या स्थानिक कंपन्या असतात. काही जण वेळेत परतीची हमी देतात. मात्र ‘हमी’ म्हणजे नेमकं काय आणि जहाज त्या दिवशी बंदरात लागलंच नाही तर पैसे परत मिळणार का, हे बुकिंगआधी वाचा. जहाजाच्या टूरचे पैसे अशा वेळी सहसा आपोआप परत होतात.

पासपोर्ट निळा असेल तर...

गोऱ्या प्रवाशांच्या सल्ल्यांत एक गोष्ट कधीच नसते. जहाज चुकलं तर ते पुढचं विमान पकडतात. आपल्याला आधी व्हिसा बघावा लागतो! आमची सगळी बंदरं शेंगेन देशांतली, म्हणून तेवढी काळजी नव्हती. पण ग्रीसबरोबर तुर्कस्तान असेल तर पुढच्या देशाचा व्हिसा हातात हवा, आणि शेंगेनमध्ये परत शिरायचं तर तो मल्टिपल एंट्रीचा हवा. त्यामुळे ज्या बंदरानंतर देश बदलतो, तिथे धाडस जरा कमीच करा.

हिशोब उलटा करा

आता परत नेपल्स. पॉम्पेईला आम्ही चिर्कुमवेसुवियाना नावाच्या लोकलनं गेलो. आपली मध्य रेल्वेची स्लो लोकलच समजा. साधारण चाळीस मिनिटांत ‘पॉम्पेई स्कावी’ स्टेशन. (बोर्ड नीट वाचा. दुसऱ्या लाइनवर ‘पॉम्पेई सांतुआरिओ’ नावाचं वेगळंच स्टेशन आहे!) इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलेलं ते शहर बघताना बाबा लहान मूल झाले होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रस्त्यावर रथाच्या चाकांच्या खाचा आहेत. बाबा खाली बसून त्यांत बोट फिरवत होते. छत्री नाही, इअरफोन नाही. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मी एवढं निवांत कधीच बघितलं नव्हतं. म्हणून मीही घड्याळ बघितलं नाही.

साडेतीनला निघालो. फलाटावर गाडी आली, चढलो. थोड्या वेळानं खिडकीतून पाटी दिसली : कास्तेल्लाम्मारे दि स्ताबिया. गाडी सोरेंतोकडे चालली होती, उलट्या दिशेनं! उतरलो आणि परतीच्या गाडीसाठी अर्धा तास थांबलो. त्या अर्ध्या तासात कुणीच कुणाशी बोललं नाही.

चूक काय होती? आपले आपण गेलो ही नाही. चूक ही, की आमच्या वेळापत्रकात एका चुकीलाही जागा नव्हती. आदल्या दिवशी आम्ही हमीचे पैसे मोजले होते. त्या दिवशी पैसे वाचवले, पण हमी काही फुकट मिळत नसते. ती युरोत भरायची नसेल तर तासांत भरावी लागते.

म्हणून हिशोब शेवटाकडून करायचा. साडेपाचला चढायचं आहे, तर साडेतीनला बंदराच्या गावात परत. म्हणजे पॉम्पेईहून अडीचच्या आसपासची गाडी. ती चुकली किंवा रद्द झाली तर मागे आणखी दोन गाड्या हव्यात. उरलेले दोन तास वाया जात नाहीत. ते बंदराजवळच कॉफी पीत, फोटो काढत घालवा. एवढं करून मधे दोन तासही हातात उरत नसतील, तर सरळ टूर घ्या किंवा ते ठिकाण सोडा.

खिशात हे असू द्या

* जहाजाची वेळ : फोनची वेळ आणि जहाजाची वेळ वेगळी असू शकते. उतरताना मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. परत चढायची वेळ जहाज सुटण्याच्या सहसा अर्धा तास आधीची असते.
* पोर्ट एजंटचा नंबर : रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर किंवा जहाजाच्या ॲपमध्ये असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. जहाज चुकलंच तर पहिला फोन यालाच.
* पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स, एक कार्ड, थोडी रोख रक्कम.
* दोन दिवसांची औषधं. आमच्याकडे हीच नव्हती.
* आधी काढलेली तिकिटं : व्हॅटिकन म्युझियम्स बहुतेक रविवारी बंद असतात, पॉम्पेईत २०२४ पासून दिवसाला वीस हजारच पर्यटक सोडतात. आपले आपण जाणार असाल तर हा होमवर्क तुमचाच.
* जहाजावर फोन फ्लाइट मोडवर. सॅटेलाइट रोमिंगचं बिल टूरपेक्षा महाग पडू शकतं!

रंगीत तालीम करायची असेल तर फार लांब जायला नको. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीला जाणाऱ्या क्रूझ २०२१ पासून सुरू आहेत. कोचीत जहाज विलिंग्डन बेटावर लागतं, तिथून फोर्ट कोची रिक्षानं जाण्याइतकं जवळ. चिनी जाळी बघा, मट्टनचेरीत भटका (तिथलं सिनेगॉग शनिवारी बंद!). लक्षद्वीपला मात्र भारतीयांनाही परमिट लागतं, तिथे जहाजाबरोबरच जा. एकाच ट्रिपमध्ये दोन्ही धडे!

आमचं काय झालं? स्टेशनबाहेर टॅक्सी मिळाली, ड्रायव्हरला बाबांनी फक्त घड्याळ दाखवलं. पाच सत्तावीसला आम्ही गँगवेवर होतो. केबिनमध्ये शिरल्यावर आईनं आधी गोळी घेतली, मग बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता स्फोट.

‘‘त्या चाकांच्या खाचा,’’ ती म्हणाली, ‘‘खरंच बघण्यासारख्या होत्या हो. पुढच्या वेळी फक्त तासभर आधी निघू.’’

पुढच्या वेळी! आघाडी सरकार वाचलं.